ग्राफिकल टूलकिटचे पॅच रिलीज आणि नंतरची देखभाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, देवास, उज्जैन या पट्ट्यात क्यूटी किंवा जीटीके या टूलकिट (खिडक्या, बटणं, मेनू यांचे तयार भाग देणाऱ्या लायब्ररी) वापरून डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणाऱ्या आणि ते शाळा, वाचनालयं, पतसंस्था, दवाखाने इथे बसवून देणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पान आहे. टूलकिटमध्ये दुरुस्ती पाठवणाऱ्यांना आणि स्वतःची छोटी मुक्त टूलकिट सांभाळणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. उदाहरणं बहुतेक क्यूटी आणि जीटीकेची आहेत, कारण आपल्याकडच्या लिनक्स मशीनवर याच दोन टूलकिट सर्वाधिक भेटतात.

पॅच रिलीज नेमकं कशाला म्हणायचं?

आवृत्तीच्या तीन आकड्यांपैकी फक्त शेवटचा बदलतो, तो पॅच रिलीज. उदाहरणार्थ ६.८.१ नंतरचं ६.८.२. पहिला आकडा बदलला की प्रोग्रामचा कोड नव्यानं जुळवून घ्यावा लागतो. क्यूटी ५ डिसेंबर २०१२ मध्ये आलं, क्यूटी ६ डिसेंबर २०२० मध्ये. मधला आकडा बदलला की नव्या सोयी येतात, पण जुना प्रोग्राम चालत राहतो. शेवटच्या आकड्यात नवं काहीच नसतं, बिघडलेलं तेवढं दुरुस्त होतं.

क्यूटीची अट इथे दुहेरी आहे. ६.८.१ वर कंपाइल केलेला प्रोग्राम ६.८.२ वर चालला पाहिजे आणि ६.८.२ वर केलेला ६.८.१ वरही. या दुसऱ्या अटीमुळेच पॅचमध्ये एकही नवं सार्वजनिक फंक्शन येत नाही. जीटीकेमध्ये शेवटच्या आकड्याला मायक्रो म्हणतात. तिथे मधला आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. डब्ल्यूएक्सविजेट्स या तिसऱ्या टूलकिटमध्येही सम-विषमची हीच रीत आहे.

एखादं छोटं फंक्शन किंवा एक व्हेरिएबल वाढवलं तर असं काय बिघडतं?

सोर्स पाहून काहीच बिघडलेलं दिसत नाही, म्हणूनच ही चूक वारंवार होते. बिघाड बायनरीत, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलींत, होतो. ग्राहकाकडचा प्रोग्राम आधीच कंपाइल झालेला असतो, तुम्ही फक्त लायब्ररीची फाइल बदलता. सीप्लसप्लसमध्ये नेहमी सापडणारे प्रकार असे :

क्लासमध्ये नवा डेटा मेंबर घातला की ऑब्जेक्टचा आकार वाढतो. जुन्या प्रोग्रामनं जुन्या आकाराएवढीच जागा राखलेली असते. नवी लायब्ररी त्या जागेच्या पलीकडे लिहिते आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी, कधी दहा मिनिटांनी होतो. यावरचा उपाय जुना आहे : सार्वजनिक क्लासमध्ये फक्त एक पॉइंटर ठेवायचा आणि खरा डेटा त्या पॉइंटरमागच्या खासगी क्लासमध्ये. क्यूटीत याला डी-पॉइंटर म्हणतात. खासगी क्लासचा आकार लायब्ररीबाहेर कुणाला ठाऊक नसतो, त्यामुळे तिथे मेंबर वाढवले तरी चालतं.

नवं व्हर्च्युअल फंक्शन घातलं की व्हर्च्युअल टेबलातले क्रमांक सरकतात. जुना प्रोग्राम सातव्या क्रमांकाचं फंक्शन बोलावतो आणि तिथे आता दुसरंच बसलेलं असतं. ‘शेवटी घातलं तर चालेल ना?’ असं विचारलं जातं. नाही चालत. ग्राहकानं तुमच्या क्लासपासून स्वतःचा क्लास काढून त्यात व्हर्च्युअल फंक्शनं लिहिली असतील, तर त्या जागेवर त्याचंच फंक्शन बसलेलं असतं.

फंक्शनला नवा पॅरामीटर दिला, अगदी डिफॉल्ट किमतीसकट, तरी त्याचं बायनरीतलं नाव बदलतं. प्रोग्राम सुरू होतानाच ‘सिम्बॉल सापडत नाही’ म्हणून थांबतो. त्यातल्या त्यात हा बरा प्रकार, कारण लगेच कळतो.

डिफॉल्ट किंमत बदलणं, एनमची किंमत बदलणं, हेडरमधलं इनलाइन फंक्शन दुरुस्त करणं हे तिन्ही फसवे आहेत. या गोष्टी ग्राहकाच्या प्रोग्रामात छापल्या गेलेल्या असतात. प्रोग्राम नव्यानं कंपाइल होईपर्यंत तिथे जुनंच चालू राहतं आणि तुम्ही मात्र ‘६.८.२ मध्ये दुरुस्त’ असं जाहीर केलेलं असतं.

हे डोळ्यांनी पकडायच्या भानगडीत पडू नका. लिबअबिगेल संचातला एबीआयडिफ हा प्रोग्राम आधीची आणि नवी लायब्ररी शेजारी ठेवून फरक सांगतो. दोन्ही बिल्ड डीबग माहितीसह करा, नाहीतर त्याला आकार आणि प्रकार दिसत नाहीत, फक्त नावं दिसतात. पॅचसाठी अहवालात एकही सिम्बॉल काढलेला, बदललेला किंवा वाढलेला नको.

दुरुस्ती थेट पॅचच्या शाखेत टाकायची का?

नाही. आधी विकास-शाखेत (जिथे पुढची आवृत्ती घडते), मग तिथून स्थिर शाखेत (जिथून पॅच निघतात). उलट केलं तर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि दुरुस्त झालेला बग परत उगवतो. क्यूटीत कमिटच्या (नोंदवलेल्या एका बदलाच्या) संदेशात शेवटी ‘पिक-टू’ अशी ओळ लिहून पुढे शाखांचे आकडे द्यायचे. बदल मंजूर झाला की बॉट तो त्या शाखांवर उचलून नेतो. जिथे बॉट नाही तिथे हातानं गिट चेरी-पिक करा (तो एकच बदल दुसऱ्या शाखेत आणा), पण ‘-एक्स’ हा पर्याय लावून, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात राहतो. दोन वर्षांनी ‘हे कुठून आलं?’ या प्रश्नाला तोच क्रमांक उत्तर देतो.

चेरी-पिक करताना झगडा झाला तर जबरदस्तीनं जुळवू नका. दुरुस्ती ज्या रचनेवर उभी आहे ती जुन्या शाखेत नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी जुन्या शाखेसाठी दोन-चार ओळींची वेगळी दुरुस्ती लिहिणं जास्त सुरक्षित.

कोणती दुरुस्ती पॅचमध्ये घ्यायची, हे कशावरून ठरवायचं?

आमचा क्रम असा : सुरक्षा, डेटा नष्ट होणं, क्रॅश, आणि आधी चालत असलेलं मागच्या अपडेटनंतर बंद पडणं. बाकी सगळं यानंतर. शेवटच्या प्रकाराला, म्हणजे रिग्रेशनला, पाच वर्षं जुन्या बगपेक्षा वरचं स्थान द्यावं असं आमचं ठाम मत आहे. जुन्या बगवर लोकांनी वळसा शोधलेला असतो. रिग्रेशन झालं की माणूस अपडेट घेणंच बंद करतो आणि मग सुरक्षेची दुरुस्तीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या पतसंस्थेत एकदा अपडेटनंतर पावती छापली गेली नाही, तिथे पुढच्या वेळी ‘अपडेट’ हा शब्दही कुणी ऐकून घेत नाही.

रंग, अंतर, बटणाची उंची, टॅबनं फिरण्याचा क्रम हे बदल ‘सुधारणा’ वाटले तरी पॅचमध्ये नको. टॅबचा क्रम हाताच्या सवयीत असतो. दिवसभर नोंदी करणारा माणूस पडद्याकडे पाहतसुद्धा नाही.

देवनागरीच्या दुरुस्त्या पॅचमध्ये येता येता का अडकतात?

कारण त्यातल्या बऱ्याच दुरुस्त्या दिसतात छोट्या आणि असतात वागणूक बदलणाऱ्या. सर्वांत चांगलं उदाहरण कर्सरचं. ‘स्त्री’ या शब्दात सहा कोडपॉइंट (युनिकोडमधले अक्षर-क्रमांक) आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार याचे तीन गट पडत, म्हणून उजवा बाण तीनदा दाबावा लागे आणि कर्सर जोडाक्षराच्या पोटात थांबे. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला, आता ‘स्त्री’ हा एकच गट. मराठी माणसाला हेच हवं होतं.

तरीही युनिकोडची ही माहिती पॅचमध्ये बदलू नये. ज्या प्रोग्रामनं गट मोजून रकान्याची मर्यादा ठेवली आहे, त्याचे हिशेब एका रात्रीत बदलतात; साठवलेल्या कर्सर-जागा आणि आपोआप चालणाऱ्या टेस्टही चुकतात. ती मधल्या आकड्याच्या रिलीजमध्येच यावी. पॅचमध्ये काय चालेल? कर्सर जोडाक्षरात असताना होणारा क्रॅश, निवडलेला मजकूर अर्धा रंगणं, आयबस किंवा एफसीआयटीएक्स या टायपिंगच्या सोयींमधून टाइप करताना अर्धवट अक्षर दोनदा उमटणं. यांत अपेक्षित वागणूक एकच असते आणि ती मोडलेली असते.

मात्रा कापल्या जाण्याचा बग मधोमध बसतो. मुख्य फाँट लॅटिन असतो, ओळीची उंची त्यावरून ठरते, आणि देवनागरी अक्षर पर्यायी फाँटमधून येतं, जो वरखाली जास्त जागा घेतो. ‘र्ती’मधला रफार किंवा खालचा उकार मग कापला जातो. सगळ्या बटणांची उंची वाढवली तर ठरावीक मापाच्या चौकटी फुटतात. पर्यायी फाँट प्रत्यक्षात वापरला गेला तरच उंची वाढवणारी दुरुस्ती पॅचमध्ये घेता येते, आणि तीही १३६६ × ७६८ च्या पडद्यावर तपासून. जुन्या लॅपटॉपवर अजून तोच पडदा असतो.

हिंदी मशीनवर मराठी नावांतला ल आणि श वेगळा दिसतो. हा टूलकिटचा बग आहे का?

बहुतेक वेळा नाही. इंदुरात हा प्रश्न हमखास येतो, कारण मेनू हिंदीत आणि सभासदांची यादी मराठीत असते. दोन्ही भाषांत ल आणि श यांचा कोड एकच. मराठी वळणाचं अक्षर फाँटमधल्या ‘एलओसीएल’ या सोयीतून येतं आणि ती सोय मजकुराची भाषा मराठी आहे हे कळलं तरच लागू होते. मशीनची भाषा हिंदी असेल तर हिंदी वळण येणारच.

जीटीकेमध्ये लेबलच्या पँगो मार्कअपमध्ये ‘स्पॅन’ टॅगला ‘लँग’ हा गुण देऊन त्याची किंमत मराठीचा दोन अक्षरी कोड ठेवा. तरीही फरक पडला नाही तर आधी फाँट बदलून पाहा. सगळ्या देवनागरी फाँटमध्ये मराठी वळणं नसतात. दोन्ही करून झालं आणि तरी चुकलं, तरच नोंद करा.

याच घरातला दुसरा प्रश्न शोधाचा : यादीत ‘दऱ्या’ आहे, तरी सापडत नाही. ऱ हे स्वतंत्र अक्षर टाकून लिहिलेला शब्द आणि र, हलन्त, शून्य-रुंदीचा जोडक असा लिहिलेला शब्द दिसायला सारखे, पण आतून वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. तुलना करण्यापूर्वी दोन्ही एका रूपात आणणं हे तुमच्या प्रोग्रामचं काम. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ शिफ्ट धरून ‘जे’ वर आहे, हे टाइप करणाऱ्यांना सांगितलं तर अर्धा त्रास तिथेच संपतो.

इंग्रजी वाक्यातली स्पेलिंगची चूक तरी पॅचमध्ये सुधारू?

पडद्यावर दिसणाऱ्या वाक्यातली असेल तर नको. क्यूटी आणि गेटटेक्स्ट (भाषांतराची एक व्यवस्था) दोन्हींत मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. एक पूर्णविराम काढला तरी किल्ली बदलते. गेटटेक्स्ट जुनं भाषांतर ‘फझी’ म्हणून बाजूला ठेवतं आणि अंतिम फाइलमध्ये घेत नाही. परिणाम असा की इंग्रजी वापरणाऱ्याचा एक ठिपका सुधारतो आणि मराठी वापरणाऱ्याला कालपर्यंत मराठीत दिसणारं बटण आज इंग्रजीत दिसतं. दस्तऐवजातल्या चुका मात्र खुशाल सुधारा.

बग नोंदवताना काय काय द्यायचं?

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तीस-चाळीस ओळींचा स्वतंत्र प्रोग्राम, ज्यात फक्त तो बिघाड दिसतो. तुमचा अख्खा हिशेबाचा प्रोग्राम कुणी उघडून बघणार नाही, आणि त्यात सभासदांची माहिती असेल तर तो पाठवूही नये. बऱ्याचदा छोटा प्रोग्राम लिहिता लिहिताच कळतं की दोष आपल्याच कोडमध्ये होता.

सोबत टूलकिटची दोन्ही आवृत्ती-माहिती द्या : कोणत्या आवृत्तीवर कंपाइल केलं आणि कोणत्या आवृत्तीवर चालतंय. त्या निराळ्या असू शकतात, आणि अनेकदा गोम तिथेच असते. ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सवर एक्स११ की वेलँड (पडदा सांभाळणाऱ्या दोन व्यवस्था), पडद्याचं स्केल (१०० की १२५ टक्के), ग्राफिक्स ड्रायव्हर. क्यूटीसोबत येणारा ‘क्यूटीडायग’ प्रोग्राम हे बहुतेक सगळं एकत्र छापून देतो. देवनागरीचा बग असेल तर मजकूर कोडपॉइंटसकट लिहा आणि फाँटचं नाव द्या. नुसत्या स्क्रीनशॉटवरून शून्य-रुंदीची अक्षरं दिसत नाहीत.

‘६.८.१ मध्ये चालत होतं’ असं असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा. शक्य असेल तर गिट बायसेक्ट करून, म्हणजे दर वेळी उरलेले कमिट अर्धे करत, दोषी कमिटही शोधा. मध्ये पाचशे कमिट असले तरी नऊ वेळा बिल्ड करून पाहणं पुरतं. रात्रभर मशीन लावून ठेवलं तर सकाळी उत्तर हातात असतं.

रिलीजच्या दिवशी कामाचा क्रम काय?

काम त्या दिवशी नव्हे, साधारण आठवडाभर आधी सुरू होतं. स्थिर शाखेतून रिलीजची शाखा काढायची आणि त्यात फक्त अडवणारे बग घ्यायचे, ‘एवढं एकच’ म्हणून काहीही नाही. बिल्ड फाइलमधला आकडा वाढवा. जिथे लिबटूलची आवृत्ती वापरता तिथे फक्त मधला ‘रिव्हिजन’ वाढवा. लायब्ररीचं सो-नेम (प्रोग्राम ज्या नावानं ती शोधतो ते) बदललं तर सगळ्या प्रोग्रामांना ती सापडेनाशी होईल. बदलांची यादी लिहा : बग क्रमांक आणि वापरणाऱ्याच्या भाषेत एक ओळ. ‘नल तपासणी घातली’ असं नको. ‘यादी रिकामी असताना शोध दाबला की होणारा क्रॅश थांबला’ असं लिहा.

मग टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) बनवा, तो रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा आणि तिथूनच बिल्ड करून टेस्ट चालवा. गिटच्या फोल्डरमध्ये बिल्ड होतं आणि टारबॉलमधून होत नाही, असं सतत घडतं, कारण नवीन हेडर किंवा चित्र पॅकेजच्या यादीत घालायचं राहिलेलं असतं. मेसॉन वापरत असाल तर त्याचा ‘डिस्ट’ आदेश हे दोन्ही करतो.

हातानं करायच्या तपासण्या कमी ठेवा, पण चुकवू नका : एक्स११ आणि वेलँड, विंडोज १० आणि ११, स्केल १०० / १२५ / १५० / २००, एक उजवीकडून डावीकडे जाणारी भाषा, एक देवनागरी. १२५ आणि १५० वर खास लक्ष द्या. क्यूटी ६ अपूर्णांकातलं स्केल गोळाबेरीज न करता तसंच घेतं, त्यामुळे एक पिक्सेलच्या रेषा पुसट होणं किंवा गायब होणं तिथेच दिसतं.

शेवटी सही केलेला टॅग, टारबॉलची वेगळी जीपीजी सही, शा-२५६ बेरीज, आणि मग घोषणा.

टारबॉल चढवल्यावर चूक सापडली. त्याच नावानं नवी फाइल ठेवू का?

कधीही नाही. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांच्या पॅकेज-फाइलींत जुनी शा-२५६ बेरीज नोंदलेली असते. फाइल बदलली की त्यांचं बिल्ड थांबतं आणि ‘कुणी फाइलशी खेळलं का?’ अशी रास्त शंका येते. पुढचा आकडा घ्या. ६.८.३ दुसऱ्याच दिवशी आलं तरी त्यात कमीपणा काही नाही.

टूलकिटच्या आत बसलेल्या बाहेरच्या लायब्ररींचं काय?

झेडलिब, लिबपीएनजी, फ्रीटाइप, हार्फबझ, पीसीआरई२ यांसारख्या लायब्ररी क्यूटी सोबत घेऊन फिरू शकते. त्यांतलं भगदाड हे तुमचंही भगदाड. सप्टेंबर २०२३ मधलं लिबवेबपीचं प्रकरण आठवा, सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३ : नुसतं खास बनवलेलं चित्र उघडल्यानं मेमरीत हद्दीबाहेर लिहिलं जात होतं. मूळ दुरुस्ती लिबवेबपी १.३.२ मध्ये आली, पण ती लायब्ररी ज्यांनी आत कोंबलेली होती त्या प्रत्येकाला स्वतःचं अपडेट काढावं लागलं.

म्हणून लिनक्सवर शक्य तिथे सिस्टिमची लायब्ररी वापरा. विंडोजसाठी तुम्ही डीएलएल सोबत देता किंवा स्टॅटिक लिंक करता, तर आत काय आणि कोणत्या आवृत्तीचं आहे याची यादी प्रत्येक रिलीजबरोबर ठेवा. स्टॅटिक प्रोग्रामला टूलकिटचा पॅच आपोआप मिळत नाही, तो नव्यानं बांधून पुन्हा बसवावाच लागतो. अ‍ॅपइमेजचंही तसंच. फ्लॅटपॅकमध्ये केडीई किंवा ग्नोम या डेस्कटॉपचा रनटाइम (सामायिक लायब्ररींचा संच) वेगळा अपडेट होतो, ही त्याची मोठी सोय.

सुरक्षेचा बग सापडला तर तो उघड नोंदवू नका. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा खासगी पत्ता असतो. दुरुस्ती सगळ्या जिवंत शाखांवर एकाच वेळी गेली पाहिजे. एका शाखेतली दुरुस्ती वाचून दुसऱ्या शाखेवरचा हल्ला लिहिणं अवघड नसतं.

अपडेटनंतर प्रोग्राम उघडतच नाही. सुरुवात कुठून करू?

संदेश वाचा. ‘विसंगत क्यूटी लायब्ररींची सरमिसळ करता येत नाही’ अशा अर्थाचा असेल तर मशीनवर दोन क्यूटी आहेत : एक सिस्टिमची आणि एक प्रोग्रामच्या फोल्डरमधली. कुणीतरी त्यातल्या काहीच फाइली बदलल्या आहेत. क्यूटीचे सगळे मॉड्यूल एकाच पॅच आकड्याचे ठेवा. ते आतून एकमेकांची खासगी फंक्शनं वापरतात आणि खासगी भागाला सुसंगततेची कसलीही हमी नसते.

‘प्लॅटफॉर्म प्लगिन सुरू करता आलं नाही’ असं असेल तर क्यूटी, डीबग, प्लगिन्स हे तीन शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत, अंडरस्कोरनं जोडून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करा, किंमत १ द्या आणि टर्मिनलमधून प्रोग्राम चालवा. कोणतं प्लगिन कुठे शोधलं आणि का नाकारलं, हे ओळीनं दिसतं. विंडोजवर बहुधा ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डर सोबत द्यायचा राहिलेला असतो. लिनक्सवर क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर ही लायब्ररी लागते. ती मधल्या आकड्याच्या बदलात आली, पॅचमध्ये नाही, आणि नियमही तोच आहे.

ग्राहकाकडे जाताना आधीचा पॅच पेन ड्राइव्हवर असू द्या. परत मागे जाता येणं ही दुहेरी सुसंगततेचीच देणगी आहे.

डेबियनमध्ये जुनाच आकडा दिसतो. मग दुरुस्ती मिळाली नाही असं समजायचं का?

असं समजू नका. डेबियन १२ मध्ये क्यूटी ५.१५.८ आणि ६.४.२ आहे आणि त्या आवृत्तीच्या आयुष्यात तो आकडा तसाच राहतो; महत्त्वाच्या दुरुस्त्या त्यावर मागे आणून लावतात. पॅकेजचा चेंजलॉग उघडून सीव्हीई क्रमांक शोधा. प्रोग्राममध्ये ‘आकडा अमुकपेक्षा कमी तर नकार’ अशी अट घालणं यामुळेच चुकीचं.

एका आवृत्तीला किती वर्षं पॅच मिळतात?

हे प्रकल्पागणिक बदलतं आणि मधेच बदलूही शकतं. क्यूटी ५.१५ मे २०२० मध्ये आलं. नोव्हेंबर २०२० च्या ५.१५.२ नंतर पुढचे पॅच आधी फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळू लागले आणि त्यांचा सोर्स सुमारे वर्षभरानं खुला होऊ लागला. ती पोकळी भरायला केडीईनं एप्रिल २०२१ पासून स्वतःचा पॅच-संग्रह ठेवला आणि अनेक वितरणांनी तोच उचलला. मुक्त परवान्याचा प्रत्यक्ष उपयोग काय, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

जीटीकेची तऱ्हा निराळी. ३.२४ ही मालिका सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आल्यावरही तिचे पॅच येत राहिले. ते लागतातच : ज्या गिम्प या चित्र-संपादकासाठी ही टूलकिट जन्मली, तो गिम्प जीटीके ३ वर आला मार्च २०२५ मध्ये.

नवा प्रोग्राम सुरू करताना टूलकिटची आवृत्ती निवडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा : तुम्ही बसवणार त्या वितरणात ती आहे का, आणि त्या वितरणाला किती वर्षं सुरक्षा-अपडेट आहेत. ग्राहकाला देण्याचा वायदा त्याहून लांबचा करू नका.

आम्ही टूलकिटमध्येच दुरुस्ती करून ग्राहकाला दिली. चालेल?

एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली चालतं, पण बदललेल्या लायब्ररीचा सोर्स द्यावा लागतो आणि ग्राहकाला ती लायब्ररी बदलता आली पाहिजे. म्हणून डायनॅमिक लिंक करा. दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडेही पाठवा, नाहीतर दर पॅचला ती पुन्हा चढवत बसाल.

एसजीएसआयटीएस किंवा देवी अहिल्या विद्यापीठात शिकतो/शिकते. कोड फारसा येत नाही. काय करता येईल?

जुन्या, महिनोन्‌महिने हात न लागलेल्या नोंदी घ्या, ताज्या पॅचवर चालवून पाहा आणि ‘अजून आहे’ किंवा ‘आता दिसत नाही’ एवढं मशीनच्या माहितीसह लिहा. देखभाल करणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ यातच जातो. दुसरं काम देवनागरीच्या टेस्टचं, ज्यांची फार टंचाई आहे. ‘स्त्री’, ‘क्षत्रिय’, ‘दऱ्या’, ‘किर्ती’ आणि ‘कीर्ती’, ‘ॲ’नं सुरू होणारा एखादा शब्द घ्या. प्रत्येकात उजवा बाण, बॅकस्पेस आणि डिलीट दाबल्यावर काय व्हायला हवं ते लिहा. बॅकस्पेस बहुतेक टूलकिटमध्ये शेवटचा एकच कोडपॉइंट खोडतो, डिलीट पुढचा पूर्ण गट. टेस्टमध्ये ही दोन्ही वेगळी नोंदवा. विकास-शाखेवर पाठवा आणि बग जुन्या शाखेतही असेल तर संदेशात ती शाखा लिहायला विसरू नका.